पहिलं टीजी प्रोफाइल काढताना: सर्वेक्षणाचा डेटा, पीएसपीपी आणि वाटेतले खड्डे

‘आपला टीजी (टार्गेट ग्रुप, म्हणजे ज्यांच्यापर्यंत पोचायचंय ती माणसं) नेमका कोण आहे ते डेटावरून काढून द्या’ असं म्हणत कुणीतरी मेलवर एक सॅव फाईल (एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरची डेटा फाईल) पाठवतं आणि मोकळं होतं. फाईल उघडली की हजारो ओळी, शेकडो कॉलम, आणि कॉलमना व्ही०१२, क्यू७_३ अशी नावं. सॉफ्टवेअरचं बटण कुठलं दाबायचं हे यूट्यूबवर मिळतं. पण त्या बटणातून आलेला आकडा कशाचा आहे, हे सांगणारं माणूस बहुतेक ऑफिसांत सापडत नाही. हा लेख त्यासाठी आहे. एमएसडब्ल्यूचा प्रबंध करणारे, संस्थांत कामाला लागलेले, छोट्या एजन्सीत पहिल्यांदाच रिसर्चचं टेबल सांभाळणारे, अशांना डोळ्यांसमोर ठेवलंय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. प्रोफाइल म्हणजे तुलना. ‘आमच्या ग्राहकांपैकी ६० टक्के विवाहित आहेत’ हे प्रोफाइल नाही. सगळ्या लोकसंख्येतच ६० टक्के विवाहित असतील तर तुम्ही काहीच सांगितलेलं नाही.

सरावासाठी उदाहरण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं घेऊ, म्हणजे एनएफएचएस-५ (२०१९-२१). मुंबईत देवनारला असलेल्या आयआयपीएस या संस्थेनं केलेलं हे सर्वेक्षण ६,३६,६९९ घरांत गेलं आणि ७,२४,११५ स्त्रियांशी बोललं. आपला टीजी: ‘कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया’. याचे आकडे अहवालात छापलेले आहेत, त्यामुळे मूळ फाईल नसली तरी पुढचं गणित कागदावर करून बघता येईल. मूळ फाईल डीएचएस प्रोग्रॅमच्या (अमेरिकी मदतीवर अनेक देशांत अशी सर्वेक्षणं चालवणारा उपक्रम) संकेतस्थळावर नोंदणी करून मिळत आली आहे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली तेव्हा त्या कामात खंड पडला, म्हणून आधी तिथली सद्यस्थिती बघा. सरावाला केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवरची घरगुती खर्चाची किंवा रोजगाराची सर्वेक्षणंही उत्तम आहेत.

हाताशी काय काय हवं

- मूळ प्रश्नावली, उत्तरदात्याला ज्या भाषेत विचारली त्या भाषेतली. इंग्रजी मसुदा पुरत नाही.
- कोडबुक, म्हणजे कुठला कोड कुठलं उत्तर ते सांगणारी यादी.
- नमुना कसा निवडला आणि वजन (एकूण आकड्यात प्रत्येक उत्तरदात्याचा भार किती धरायचा ते) कसं काढलं याची टीप.
- सॉफ्टवेअर. पीएसपीपी फुकट आहे, एसपीएसएसच्या सॅव फाईल उघडतं आणि मेनूही जवळपास तेच. जॅमोव्ही दिसायला सोपं. आर शिकायला वेळ लागतो, पण गुंतागुंतीच्या नमुन्यासाठी त्यातलं ‘सर्वे’ हे पॅकेज मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. कंपनीकडे एसपीएसएसचा परवाना असेल तर प्रश्नच नाही.
- एक साधी वही किंवा टेक्स्ट फाईल. काय केलं, कुठल्या क्रमानं केलं, ते लिहायला.

प्रश्नावली मिळत नसेल तर काम सुरू करू नका. मागे लागून मिळवा. कोडबुकात ‘नोकरी: होय/नाही’ एवढंच असतं, प्रश्न ‘गेल्या सात दिवसांत’ असा होता की ‘गेल्या बारा महिन्यांत’ असा, हे प्रश्नावलीतच कळतं. शेतावर हंगामी काम करणाऱ्या बाईचं उत्तर त्या एका शब्दानं बदलतं.

१. टीजी एका वाक्यात लिहून काढा

‘डिजिटल स्त्रिया’ हा टीजी नाही, ते प्रेझेंटेशनचं शीर्षक आहे. ‘१५ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया’ हा टीजी. यात कोण आत, कोण बाहेर ते लगेच दिसतं. शिवाय दोन मर्यादाही उघड होतात. एक, ‘कधी ना कधी’ म्हणजे रोज नव्हे. वर्षापूर्वी भाच्याच्या फोनवर एकदा व्हिडिओ बघितलेली बाईसुद्धा यात आली. दोन, एनएफएचएसची स्त्रियांची मुलाखत १५ ते ४९ वयाचीच असते (पुरुषांची १५ ते ५४). साठीच्या आजींबद्दल ही फाईल मुकी आहे. क्लायंट विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

टीजी कधीकधी क्लायंटकडून ‘एनसीसीएस ए आणि बी, स्त्रिया, २५ ते ४४’ असा येतो. एनसीसीएस ही बाजार-संशोधनात २०११ पासून रूढ झालेली वर्गवारी. घरात मुख्य कमावणाऱ्याचं शिक्षण आणि अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत, एवढ्यावर ती ठरते: वीज जोडणी, छताचा पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, चारचाकी, एसी आणि शेतजमीन. तुमच्या प्रश्नावलीत हे अकराही प्रश्न नसतील तर एनसीसीएस काढता येणार नाही. उत्पन्नाच्या आकड्यावरून अंदाजे ‘ए’ आणि ‘बी’ ठरवू नका. उत्पन्नाचं उत्तर लोक टाळतात किंवा कमी सांगतात.

२. फाईल साफ करा

हे काम कंटाळवाणं आहे आणि निम्मा वेळ यातच जातो.

सरकारी फाईल बऱ्यापैकी स्वच्छ येतात. गूगल फॉर्मवर स्वतः घेतलेलं मराठी सर्वेक्षण असेल तर मात्र कंबर कसा. गावाच्या रकान्यात ‘नाशिक’, ‘नासिक’, शेवटी एक स्पेस असलेलं ‘नाशिक’ आणि रोमन लिपीतलं नाशिक, अशी चार शहरं तयार होतात. कुणी वय देवनागरी आकड्यांत टाइप करतं, कुणी इंग्रजी आकड्यांत, कुणी ‘३५ वर्षे’ असं लिहितं. सॉफ्टवेअर मग अख्खा रकाना मजकूर समजतं आणि सरासरी द्यायला नकार देतं. सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली आणि मराठीच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसला तर घाबरू नका, फाईल खराब झालेली नाही. ती एक्सेलच्या ‘डेटा’ मेनूतून आयात करा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. पण त्या गोंधळावरच सेव्ह दाबलंत तर मात्र मूळ मजकूर गेलाच, म्हणून मूळ फाईलची प्रत वेगळ्या फोल्डरात ठेवून तिला हात लावू नका.

नंतर कोड बघा. ९, ९८, ९९ हे बहुतेक वेळा ‘माहीत नाही’ किंवा ‘उत्तर नाही’ असतात. व्हेरिएबल व्ह्यूमध्ये जाऊन ते ‘मिसिंग’ म्हणून नोंदवा, नाहीतर ९९ मुलं असलेली कुटुंबं सरासरीत घुसतात.

वयाबद्दल आणखी एक. आपल्याकडे वय विचारलं की तीस, पस्तीस, चाळीस असं गोल उत्तर येतं. एकेका वर्षाचा आलेख काढलात तर शून्य आणि पाचावर उंच सुळके दिसतील. म्हणून पाच-पाच वर्षांचे गट वापरा.

३. प्रश्न कुणाला विचारला होता?

याला ‘बेस’ म्हणतात आणि सगळ्यात जास्त चुकीची प्रोफाइलं इथंच जन्माला येतात. प्रत्येक प्रश्न प्रत्येकाला विचारलेला नसतो. एनएफएचएस-५ मधले घरगुती हिंसाचाराचे प्रश्न फक्त निवडक घरांत आणि त्या घरातल्या एकाच स्त्रीला विचारले गेले. त्यांना वजनही वेगळं आहे. खाजगी सर्वेक्षणात ‘कुठला ब्रँड वापरता’ हा प्रश्न आधी ‘वापरतो’ म्हणणाऱ्यालाच येतो. रिकामा चौकोन म्हणजे ‘नाही’ नव्हे.

प्रत्येक प्रश्नाची साधी फ्रिक्वेन्सी (कुठलं उत्तर किती जणांनी दिलं ती मोजणी) काढा, किती उत्तरं आहेत ते बघा, आणि प्रश्नावलीतल्या ‘प्रश्न अमुकवर जा’ या सूचनांशी ताळा करा. आकडा जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

४. वजन लावा

सर्वेक्षणात छोट्या राज्यातून मुद्दाम जास्त लोक घेतलेले असतात, नाहीतर तिथलं काही सांगताच येणार नाही. मग एकूण आकडा काढताना त्यांचा भार कमी करावा लागतो. ते काम वजनाचं. एनएफएचएसमध्ये स्त्रियांचं वजन व्ही००५ या रकान्यात असतं आणि ते दहा लाखांनी भागून वापरायचं असतं. भागायचं राहिलं तर टक्केवारी बरोबरच येते, पण टेबलात हजारो कोटी स्त्रिया दिसतात. तो आकडा दिसला की काय विसरलंय ते ओळखा.

पीएसपीपीत: ट्रान्सफॉर्म, कॉम्प्युट, नवा रकाना ‘वजन’, किंमत व्ही००५ भागिले १००००००. मग डेटा, वेट केसेस, आणि ‘वजन’ निवडा. एक्सेलमध्येच काम करायचं असेल तर पिव्होट टेबलात ‘व्हॅल्यूज’च्या जागी माणसांची मोजणी न घेता वजनाच्या रकान्याची बेरीज घ्या. बाकी सगळं तसंच.

फक्त एका राज्याचं प्रोफाइल काढणार असाल तर राज्यासाठी वेगळं वजन दिलंय का ते कोडबुकात तपासा.

५. टीजीचा स्वतंत्र रकाना बनवा

नवशिके इथं ‘सिलेक्ट केसेस’ वापरतात आणि टीजीबाहेरची सगळी माणसं काढून टाकतात. मग तुलना कुणाशी करणार? त्याऐवजी ट्रान्सफॉर्म, रीकोड इनटू डिफरंट व्हेरिएबल्स. टीजीत असेल तर १, नसेल तर ०. ‘डिफरंट’च निवडा, ‘सेम’ निवडलंत तर मूळ उत्तरं पुसली जातात.

इथला छुपा खड्डा म्हणजे ‘ऑल अदर व्हॅल्यूज’ हा पर्याय. तो ० ला जोडला की ज्यांना प्रश्नच विचारला नव्हता तेही ० होतात आणि गुपचूप ‘न वापरणारे’ म्हणून मोजले जातात. ‘नाही’चा कोड हातानं लिहा, मिसिंगला मिसिंगच राहू द्या. आणि ओकेच्या आधी ‘पेस्ट’ दाबायची सवय लावा: तुम्ही मेनूतून जे केलं त्याची आज्ञावली सिंटॅक्स खिडकीत उतरते. ती सेव्ह केलीत की महिन्यानं ‘वयोगट बदलून द्या’ असा फोन आला तरी अर्ध्या तासात काम होतं.

६. क्रॉसटॅब, आणि कॉलम की रो?

क्रॉसटॅब म्हणजे दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांसमोर मांडणारं टेबल. ॲनलाइझ, डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स, क्रॉसटॅब्स. टीजीचा रकाना ‘कॉलम्स’मध्ये, शहरी-ग्रामीण, वयोगट, शिक्षण वगैरे ‘रोज’मध्ये, म्हणजे आडव्या ओळींत. ‘सेल्स’ बटणात कॉलम टक्केवारीवर खूण.

आता थांबून नीट वाचा. एनएफएचएस-५ नुसार देशात शहरी स्त्रियांपैकी ५१.८ टक्के, ग्रामीणपैकी २४.६ टक्के आणि एकूण ३३.३ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. ही झाली रो टक्केवारी: प्रत्येक वस्तीत वापरणाऱ्या किती. प्रोफाइलला उलटी बाजू हवी: वापरणाऱ्यांमध्ये शहरी किती. याच तीन आकड्यांतून ती निघते. एकूण स्त्रियांत शहरी साधारण ३२ टक्के बसतात, आणि इंटरनेट वापरणाऱ्या स्त्रियांत शहरी सुमारे ५० टक्के.

५२ आणि ५०. दोन्ही आकडे इतके जवळ की अहवालात एकाच्या जागी दुसरा सहज खपून जातो. पण ग्रामीण बाजू बघा. ग्रामीण स्त्रियांपैकी पावच इंटरनेट वापरतात, आणि तरीही वापरणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्या ग्रामीण आहेत. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी. यातलं एक वाक्य वाचून कुणी ‘खेड्यात डिजिटल प्रचार नको’ ठरवेल, दुसरं वाचून अगदी उलट.

म्हणून टेबलाखाली आकडा नुसता टाकू नका, ‘…पैकी’ हा शब्द असलेलं पूर्ण वाक्य लिहा. ‘कुणापैकी?’ याचं उत्तर देता येत नसेल तर तो आकडा अजून तुम्हाला कळलेला नाही.

७. इंडेक्स काढा, पण त्याच्या नादी लागू नका

इंडेक्स म्हणजे टीजीतला वाटा भागिले एकूणातला वाटा, गुणिले १००. शहरीसाठी ४९.८ भागिले ३२, म्हणजे १५६. ग्रामीणसाठी ५०.२ भागिले ६८, म्हणजे ७४. शंभर म्हणजे सरासरीइतकंच. एजन्सीत साधारणपणे १२० च्या वरचे गट हिरवे आणि ८० च्या खालचे लाल रंगवतात. ही निव्वळ पद्धत आहे, त्यामागं कुठला नियम नाही.

लाल रंगाचा धोका वरच्या उदाहरणातच आहे. ७४ बघून ग्रामीण गट कुणी वगळला तर टीजीतली निम्मी माणसं गेली. इंडेक्स झुकाव सांगतो, आकार नाही. उलट बाजूला, इंडेक्स ३०० असलेला पण टीजीचा जेमतेम दोन टक्के असलेला गट स्लाइडवर छान दिसतो आणि बाकी कशाला उपयोगी पडत नाही. माझ्या टेबलात इंडेक्सच्या शेजारी टीजीतला वाटा कायम असतो. क्लायंटनं ‘एकच कॉलम ठेवा’ म्हटलं तर मी इंडेक्स वगळून वाटा ठेवतो.

तुलना ‘एकूण’शी केली की ‘उरलेल्यां’शी, हेही लिहा. न वापरणाऱ्या स्त्रियांत शहरी सुमारे २३ टक्के येतात. त्यांच्याशी तुलना केली तर तोच १५६ चा इंडेक्स २१५ च्या आसपास जातो. टीजी मोठा असेल, इथं तो एकतृतीयांश आहे, तर ‘एकूण’मध्ये तोच मिसळलेला असतो आणि फरक फिका दिसतो. दोन्हीपैकी काहीही निवडा; एका अहवालात दोन्ही मिसळू नका.

८. छोट्या बेसपासून सावध

वजन न लावलेली माणसं मोजा. वजन लावलेला आकडा इथं चालत नाही. एनएफएचएसच्या अहवालांत २५ ते ४९ जणांवर आधारलेली टक्केवारी कंसात छापतात आणि २५ पेक्षा कमी असतील तर नुसती फुली. त्यांच्याकडे सात लाख स्त्रिया असून ते हे पाळतात, तर चारशेच्या सर्वेक्षणात आपण पाळायला काय हरकत? १०० जणांवर ५० टक्के आलं तर खरा आकडा साधारण ४० ते ६० मध्ये कुठंही असू शकतो, आणि तेही नमुना अगदी साधा, यादृच्छिक असेल तर.

तो तसा नसतो. एनएफएचएसमध्ये आधी गाव किंवा शहरी गट निवडतात आणि मग तिथली २२ घरं. एका वाडीतली घरं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे २२ घरांची माहिती २२ वेगवेगळ्या ठिकाणच्या घरांइतकी मोलाची नसते. पीएसपीपी किंवा एसपीएसएसच्या साध्या क्रॉसटॅबला हे माहीत नसतं, म्हणून काय-वर्ग चाचणी (ची-स्क्वेअर, दोन गटांतला फरक खरा की योगायोग ते तपासणारी) गरजेपेक्षा जास्त आत्मविश्वासानं ‘फरक ठळक’ म्हणते. सरकारी खर्चाच्या सर्वेक्षणांत तर वजनांची बेरीज कोट्यवधी घरांवर जाते. तिथं ती चाचणी कशालाही ठळकच म्हणेल. टक्केवारी पीएसपीपीत काढा, पण चाचणी द्यायचीच असेल तर आरच्या ‘सर्वे’ पॅकेजला नमुन्याची रचना सांगून तिथं करा.

९. आणखी तीन ठिकाणी पाय घसरतो

संपत्ती निर्देशांक. एनएफएचएस घरांना पाच पंचमांशांत बसवतं, पण ते देशपातळीवर. महाराष्ट्रात प्रत्येक पंचमांशात २० टक्के असतील असं धरू नका. शिवाय हा निर्देशांक घरातल्या वस्तूंवरून बनतो आणि त्यांत मोबाइल, कॉम्प्युटरही असतात. ‘इंटरनेट वापरणाऱ्या स्त्रिया श्रीमंत घरांतल्या निघाल्या’ यातला काही भाग म्हणजे आपणच ठेवलेली वस्तू आपल्यालाच सापडणं.

काळ. या फेरीचं फील्डवर्क दोन टप्प्यांत झालं. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता, जो जानेवारी २०२० मध्ये संपला. उत्तर प्रदेश दुसऱ्या टप्प्यात, जो एप्रिल २०२१ पर्यंत चालला. मध्ये लॉकडाउन आला, शाळा फोनवर आल्या. या दोन राज्यांची इंटरनेटबाबत सरळ तुलना करणं अन्याय्य आहे, आणि कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला तसा इशारा देणार नाही.

तिसरं, गुंतलेली कारणं. शहरी इंडेक्स १५६ आहे तो शहरामुळे की शिक्षणामुळे? डेटा, स्प्लिट फाईलमध्ये जाऊन शिक्षणाचे गट पाडा आणि प्रत्येक गटात शहरी-ग्रामीण टेबल पुन्हा बघा. दहावीच्या पुढं शिकलेल्यांत फरक बराच कमी झाला तर शहराच्या नावावर शिक्षण बोलत होतं. काम झालं की स्प्लिट बंद करा. ते चालू राहिलं की पुढचं प्रत्येक टेबल तुकड्यांत येतं.

१०. लिहून देताना

एका पानात बसवा. पाच-सहा गुण पुरेत, ज्यांत टीजी खरोखर वेगळा आहे असेच. जिथं वेगळा नाही तेही एका ओळीत सांगा, कारण तेवढंच उपयोगी असतं.

‘भेटा सुनीताला, वय २८, पुणे, दुचाकी चालवते’ अशी व्यक्तिरेखा हल्ली हटकून मागतात. द्यायला हरकत नाही, पण प्रत्येक गुणात सगळ्यात मोठा गट उचलून जोडलेली बाई डेटात कदाचित एकही नसते. तेवढ्या सगळ्या अटी एकत्र लावून ‘सिलेक्ट केसेस’ चालवा आणि किती जणी उरतात ते बघा. फिल्टर नेहमी तात्पुरताच ठेवा. ‘डिलीट’चा पर्याय निवडून फाईल सेव्ह केली की अटींत न बसणारी माणसं कायमची जातात. उरलेल्या जणींची संख्या व्यक्तिरेखेखाली छापा.

स्वतः घेतलेल्या सर्वेक्षणाची फाईल पुढे पाठवताना नाव, फोन नंबर, पत्ता यांचे रकाने काढा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच. शिवाय लहान गावात ‘विधवा, वय ४१, पदवीधर’ एवढ्यावरून माणूस ओळखू येतो, तेव्हा गाव काढून तालुका ठेवा.

प्रत्येक टेबलाखाली एक बारीक ओळ द्या: सर्वेक्षण कुठलं, कुठल्या वर्षीचं, प्रश्न शब्दशः काय होता, कुणाला विचारला, वजन लावलंय का, वजनाशिवाय माणसं किती, आणि तुलना एकूणाशी की उरलेल्यांशी. डिझायनर ही ओळ जागा खाते म्हणून काढायला सांगेल. अक्षर आणखी बारीक करू द्या, पण ती काढू देऊ नका.